सबवूफर गूं करते म्हणून लगेच वूफर बदलू नका

भाऊ, तुमच्या प्रश्नातली एकच गोष्ट मी दोनदा वाचली, गूं आवाज दिवसा कमी आणि संध्याकाळी सातनंतर जास्त. बाकी जे लिहिलं ते बहुतेकांचं तसंच असते, ४.१ चा सेट (चार छोटे स्पीकर आणि एक मोठा वूफर), तीन-चार वर्षं जुना, व्हॉल्यूम शून्यावर ठेवला तरी वूफरच्या डब्यातून (ॲम्प्लिफायर पण त्यातच असते) गूंऽऽऽ, डावा स्पीकर मधीमधी खरखरते, आणि मेकॅनिक म्हणते वूफर गेला, नवीन टाका. आता मला सांगा, वूफर काय घड्याळ पाहून खराब होते का? वूफरच्या आतली तारेची कॉइल जळाली असती तं ती सकाळी पण जळालेलीच राहिली असती. आणि कॉइल जळालेला वूफर गूं करत नाही, तो मुकाच होऊन जाते. जो गूं करून राहिला तो जिवंत आहे, त्याला ॲम्प्लिफायरकडून जे येऊन राहिलं तेच तो वाजवून राहिला. म्हणून सध्या वूफरचे पैसे खिशातच राहू द्या.

मी दारव्ह्याच्या बाजूला रिपेअरिंग करतो. आपल्याकडे सोयाबीन-कापसाचे पैसे हातात आले का होम थिएटर घेतात आणि पुढचा पोळा यायच्या आत त्यातले बरेच सेट माझ्या टेबलावर येतात. येणारा माणूस म्हणते वूफर गेला, आणि निघते भलतंच. याचं कारण साधं आहे. आपल्या लाईनचा जो गूं आहे तो ५० नाहीतर १०० हर्ट्झचा असते, एवढा जाड आवाज ते तीन इंची चिल्लर स्पीकर काढूच शकत नाही, तो फक्त मोठा वूफर काढते. म्हणजे दोष सगळ्या लाईनीत असला तरी ऐकू वूफरमधूनच येते आणि बदनाम वूफर होते.

आधी हे करा, पैसा लागत नाही. डब्याच्या मागच्या सगळ्या इनपुट पिना काढा, टीव्हीची, सेटटॉपची, मोबाईलची ऑक्स, पेनड्राइव्ह सगळं. फक्त लाईट आणि स्पीकर जोडलेले ठेवा. आता गूं ऐका. गूं बंद झाला तं दोष बाहेर आहे, म्हणजे पिन, केबल, टीव्ही, डिश. गूं तसाच राहिला तं दोष डब्याच्या आत आहे. आणि एक तिसरा प्रकार असते, कान डब्याच्या मागच्या पत्र्याजवळ न्या, गूं जर वूफरच्या पडद्यातून नाही तं पत्र्यातूनच येऊन राहिला असेल, तं तो ट्रान्सफॉर्मरचा आहे, त्याच्या पट्ट्या सैल झाल्या असतील नाहीतर बोल्ट ढिला असेल. प्लग काढून बोल्ट आवळला, खाली रबराचं वायसर टाकलं का काम झालं. स्क्वेअर वेव्हवाल्या इन्व्हर्टरवर चालवलं तरी ट्रान्सफॉर्मर असा भुणभुणते, तो सेटचा दोष नाही, साइन वेव्ह इन्व्हर्टरवर नाही होत.

तुमच्या केसमधी मला वाटते का गूं आतलाच आहे, आणि संध्याकाळचं कोडं असं आहे. तुमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडत असणार. सगळ्या गावाचे लाईट, टीव्ही, पंखे एका डीपीवर, म्हणजे गावच्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरवर, त्यात हरभऱ्या-गव्हाच्या ओलिताचे दिवस असले आणि मोटारी पण त्याच डीपीवर असल्या तं २३० चे १७०-१८० व्हायला वेळ नाही लागत. आता डब्याच्या आत पाहा काय होते. अशा सेटमधी बहुतेक १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर असते. लाईन २३० असली का १२ व्होल्टचे डायोड (एसीचा डीसी करणारे) आणि कॅपॅसिटरच्या (तो हलता डीसी सपाट करणाऱ्या) पुढं साधारण १६ व्होल्ट डीसी होतात. त्यातून ७८१२ नावाचा तीन पायाचा रेग्युलेटर १२ व्होल्ट साफ करून प्री-ॲम्पच्या, म्हणजे आवाज पहिल्यांदा वाढवणाऱ्या छोट्या आयसीला देते. पण त्या रेग्युलेटरला बारा द्यायला वरून किमान चौदा-साडेचौदा लागतात. लाईन १७० वर आली का तुमचे १६ चे होतात १२ च्या आतबाहेर. मग रेग्युलेटर साफ काय करणार, जे खालून हलून राहिलं ते जसंच्या तसं पुढं सोडते, आणि ते हलणं म्हणजेच १०० हर्ट्झचा गूं. दिवसा व्होल्टेज भरपूर असते म्हणून तो लपून राहते.

आता लाईन कमी असली तरी नवा सेट एवढा गूं करत नाही. तुमचा करते कारण आतले मोठे कॅपॅसिटर सुकले आहेत. चंद्रपूर, अकोला, वर्ध्याकडे उन्हाळ्यात ४५-४६ डिग्री काही नवीन नाही, आपल्या यवतमाळात पण त्याच्या आसपासच असते, खोलीत ४० असले तं बंद डब्यात ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंकच्या (आयसीची उष्णता ओढणाऱ्या धातूच्या पट्टीच्या) शेजारी किती असेल विचार करा. या कॅपॅसिटरच्या आत पातळ रसायन असते आणि ढोबळ हिशोब असा का १० डिग्री उष्णता वाढली का त्याचं आयुष्य अर्धं होते. कंपनीवाले स्वस्तात ८५ डिग्रीचे टाकतात. तुम्ही बदलताना १०५ डिग्रीवाले मागा, अंगावरच लिहून असते.

मल्टीमीटर घ्या, साधा पिवळा दोन-अडीचशेवाला चालते. एसी ७५० च्या रेंजवर ठेवून सॉकेटमधी दुपारी एकदा आणि संध्याकाळी साडेसातला एकदा व्होल्टेज पाहा आणि लिहून ठेवा. एवढ्यानंच अर्धं निदान होते.

डबा उघडायचा असेल तं नीट वाचा. प्लग भिंतीतून काढायचा, बटण बंद करून चालत नाही, कारण गावात फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले पुष्कळ घरात सापडतात आणि बटण न्यूट्रल तोडते, फेज डब्यात तसाच उभा राहते. मागचा पत्रा बारा-पंधरा स्क्रूनं बसवलेला असते, स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, कागदावर पत्र्याचं चित्र काढून ज्याचा तो स्क्रू त्या जागी टोचून ठेवा. पत्रा हळूच ओढा, आत वूफरच्या दोन वायरी असतात, झटका दिला का त्या तुटतात आणि मग खरंच वूफर मुका होते. आत ट्रान्सफॉर्मर दिसला तं तुमचं नशीब, ते काम शिकाऊ माणूस पण करू शकते. ट्रान्सफॉर्मर नसून छोटा एसएमपीएसचा बोर्ड (मोठ्या ट्रान्सफॉर्मरशिवाय लाईन सरळ डीसी करणारा) दिसला तं तिथं हात घालू नका, त्याच्या मोठ्या कॅपॅसिटरवर ३२५ व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावर पण काही वेळ राहतात, ते जाणकाराकडं न्या.

ट्रान्सफॉर्मरवाल्यात दोन मोठे उभे कॅपॅसिटर दिसतील, २५ व्होल्ट, २२०० ते ४७०० मायक्रोफॅरड. डोकं पाहा. चांगल्याचं डोकं सपाट असते, त्यावर इंग्रजी के नाहीतर अधिकच्या खुणेसारखी चीर असते. खराबाचं डोकं फुगते, चीर उकलते, कधी बुडातून तपकिरी चिकट द्रव येऊन बोर्डावर वाळलेला असते आणि त्याच्याखालचं तांबं हिरवं पडते. पण एक लक्षात ठेवा, पिवळसर-तपकिरी डिंक सगळ्याच बोर्डावर दिसते, तो कंपनीनं पार्ट हलू नये म्हणून लावलेला असते, त्याला गळती समजू नका. फुगलेला नसला तरी सुकलेला असू शकते, म्हणून मी तं शंका असली का दोन्ही सोबतच बदलतो, पन्नास-साठ रुपयाचं काम. व्होल्टेज २५ च्या खाली टाकायचं नाही, पट्टीवाली बाजू मायनस, ती उलटी बसली का फुटते आणि डोळ्यात जाते. बदलायच्या आधी १०० ओहम ५ वॅटचा रेझिस्टर दोन पायावर धरून डिस्चार्ज करा. स्क्रू-ड्रायव्हर टेकवून ठिणगी काढणारे हिरो आमच्या लाईनीत पुष्कळ आहेत, त्याच्यानं बोर्डाची पट्टी उडते.

काम झाल्यावर सरळ लाईनवर लावायचं नाही. सिरीज बल्ब करा. एका होल्डरमधी ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब, एलईडी नाही चालत, आणि तो फेजच्या वायरीत मधी जोडून पुढं सॉकेट. सेट त्यावर चालू केला का बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तं सगळं ठीक, फुल पेटून राहिला तं आत शॉर्ट आहे, बंद करा. फ्यूज उडून काही जळायच्या आत हा बल्ब सांगून देते. ज्या मेकॅनिकच्या टेबलावर हा बल्ब नाही त्याच्याकडं महागडा सेट देताना मी तरी दहादा विचार करीन. आणि फ्यूजच्या जागी सिगरेटच्या पाकिटाची चांदी नाहीतर जाड तार टाकलेली दिसली तं आधी ती काढा, जेवढ्या अँपिअरचा लिहिला आहे तेवढाच टाका.

समजा पिना काढल्यावर गूं बंद झाला, मग काय. पहिलं म्हणजे ती लाल-पांढरी आरसीए केबल. तिच्या बाहेरची जाळी तुटली का गूं एकदम मोठा होते, आणि पिन थोडी हलवली का जाते-येते. दुसरी केबल लावून पाहा. दुसरं, डिशची जाड केबल सेटटॉपमधून काढून पाहा, ती छतावरच्या लोखंडाला लागलेली असते आणि टीव्ही इकडं घराच्या अर्थिंगला, दोन अर्थिंगमधला फरक ऑडिओच्या तारेतून फिरते, यालेच ग्राउंड लूप म्हणतात. टीव्ही, सेटटॉप आणि होम थिएटर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावलं का बऱ्याचदा जाते. नाही गेला तं ग्राउंड लूप आयसोलेटर म्हणून छोटा डब्बा मिळते, स्वस्त आहे, पण फार स्वस्तातला थोडा बेस खाते. मोबाईल चार्जिंगला लावून ऑक्सवर गाणे लावले तरी गूं येते, चार्जर काढला का बंद. सेटच्या पत्र्याला हात लावला का झिणझिण्या येतात असं लोक सांगतात, दोन पिनच्या अडॅप्टरमधून थोडा करंट गळते त्याच्यामुळं ते होते. पण झिणझिणी नसून झटका असेल तं सेट बंद करून अर्थिंग आणि वायरिंग तपासा. तीन पिनच्या प्लगची अर्थची पिन तोडून गूं घालवणारे पण भेटतात, तसं कधीच करू नका, गूं जाते आणि कधीतरी माणूस जाते.

आता डावा स्पीकर. मागं डाव्या-उजव्या स्पीकरच्या पिना अदलाबदल करा. खरखर उजवीकडं गेली तं स्पीकर चांगला, दोष डब्यात. डावीकडंच राहिली तं स्पीकर नाहीतर त्याची वायर. तुम्ही लिहिलं मधीमधी खरखरते, मला जास्त संशय व्हॉल्यूमच्या नॉबचा आहे. नॉब फिरवताना खर्रर होऊन एका जागी आवाज साफ येत असेल तं पोटेन्शिओमीटरच्या (नॉबच्या मागचा पार्ट, आम्ही पॉट म्हणतो) आतल्या कार्बनवर धूळ बसली. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा आत मारून नॉब इकडून तिकडं वीसेक वेळा फिरवा, दहा मिनिटं वाळू द्या. पेट्रोल-रॉकेल मारू नका. तरी नाही गेलं तं ५० के चा डबल पॉट बदलून टाका. रिमोटवर व्हॉल्यूम चालणाऱ्या सेटात हा पॉटच नसते, तिथं मागच्या पिनांची आणि सोल्डरची तपासणी करा.

स्पीकर तपासायचा तं मीटर २०० ओहमवर ठेवून दोन टोकावर लावा. ४ ओहमच्या स्पीकरला तीन-साडेतीन दाखवते, ८ ओहमच्या स्पीकरला सहा-सात. काहीच नाही दाखवलं तं कॉइल तुटली. मीटर नसला तं पेन्सिल सेल क्षणभर टेकवा, ठुप् झालं का जिवंत. सेलचा प्लस स्पीकरच्या लाल टोकाला लावल्यावर पडदा बाहेर यायला पाहिजे. एक स्पीकर उलटा जोडलेला असला तं दोघं एकमेकांचा बेस खाऊन टाकतात आणि लोक म्हणतात सेटमधी दमच नाही राहिला. कॉइल घासते का ते पाहायला पडद्याच्या दोन्ही बाजूला अंगठे ठेवून सारखाच हलका दाब द्या आणि सोडा. मऊ आत-बाहेर झाला तं ठीक, खर्र असं हाताला लागलं तं कॉइल मॅग्नेटला घासून राहिली. कडेची फोमची रिंग तुकडे पडून झडली असेल तं फक्त रिंग नवीन बसवता येते, चपलेला लावतात त्या पिवळ्या रबरी गमनं. फेविक्विक नका लावू, ते कडक होते आणि पडदा हलायला मागत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं हे वाचा, कारण इथंच लोकांचे पैसे जातात. वूफर खरंच जळालेला निघाला तरी नवीन लगेच जोडायचा नाही. वूफर कशानं जळाला ते आधी पाहायचं. या सेटमधी टीडीए२०३० नाहीतर २०५० सारखे आयसी असतात, ते आतून शॉर्ट झाले का सरळ डीसी वूफरवर सोडतात, पडदा पुढं ताणून धरल्या जाते आणि मिनिटभरात जळका वास येते. तुम्ही नवीन लावला का तोही तसाच जाईल. म्हणून वूफरच्या दोन वायरी मोकळ्या ठेवून, सेट चालू करून, मीटर डीसीवर लावा. १०० मिलिव्होल्टच्या आत असलं तं वूफर जोडा, व्होल्टमधी आलं तं आधी आयसी बदला. आयसी बदलताना त्याच्या पाठीची पट्टी मायनस सप्लायला जोडलेली असते, म्हणून हीटसिंकच्या मधात अभ्रकाचा तुकडा असते तो फेकून देऊ नका, नाहीतर नवीन आयसी पण गेला समजा. त्यावर हीटसिंक पेस्ट पातळ लावायची, लोक भाकरीवर लोणी थापल्यासारखी थापतात. ही पेस्ट वाळली तं सेट तास-दीड तास वाजून आपोआप बंद पडते आणि थंड झाला का पुन्हा चालू होते, आयसी स्वतःला वाचवायला बंद होते ते.

डब्यावर १०००० वॅट पीएमपीओ, म्हणजे जाहिरातीतला क्षणभराच्या पॉवरचा आकडा, लिहून आहे म्हणून फुल आवाजात लावायची घाई करू नका. ते आकडे नुसते छापायचे असतात. मागच्या पत्र्यावर ६० वॅट पॉवर खाते असं लिहिलेला सेट बाहेर ६० पेक्षा जास्त कुठून देईल? फुलवर लावला आणि त्यात लाईन १७० असली का आवाज फाटते, त्या फाटलेल्या आवाजात बारीक ट्विटरची (पातळ, टोकदार आवाज काढणाऱ्या छोट्या स्पीकरची) कॉइल आधी जाते. आवाज फाटायला लागला का दोन पायऱ्या कमी करायचा, जयंती असो का लग्न.

ठेवायच्या जागेचं. कोपऱ्यात ठेवला तं बेस वाढते, पण आपल्या १०-१२ फुटी सिमेंटच्या खोलीत तो घुमते. १२ फुटाच्या भिंतीच्या मधात ४७ हर्ट्झच्या आसपासचा आवाज स्वतःच उभा राहते, त्यामुळं एखादी ढोलकी घरभर आणि बाकी काही नाही असं होते. कोपऱ्यापासून हात-दीड हात इकडं तिकडं सरकवून पाहा, तेवढ्यात फरक कळते. आणि टिनाचं छप्पर असेल तं सेट खराब आहे असं समजायच्या आधी टिनाचे नटबोल्ट, भांड्याची मांडणी, खिडकीच्या काचा हातानं दाबून पाहा, अर्धी खरखर तिथलीच असते.

शेणानं सारवलेल्या नाहीतर पोछा मारायच्या फरशीवर डबा सरळ ठेवू नका, तो लाकडाच्या भुश्शाचा असते, पाणी पिऊन फुगते आणि सांधे उकलतात. खाली पाट नाहीतर विटा आणि त्यावर रबर. उन्हाळ्यात कुलरच्या झोतात ठेवू नका, थंड राहील असं वाटते पण तो ओला वारा पिना आणि बोर्ड दोन्ही गंजवते. डब्याच्या बाजूला जे गोल भोक असते त्यातून उंदीर आत जाऊन कापूस नेऊन घरटं करतात, वायरी कुरतडतात, पाल बोर्डावर चिकटून शॉर्ट होते. मोठ्या छिद्राची जाळी आतून लावा, बारीक कपडा लावला तं हवेचा रस्ता बंद होऊन बेस कमी होते.

जूनमधी ढग वाजायला लागले का फक्त बटण बंद करून होत नाही, प्लग काढा आणि डिशची केबल पण सेटटॉपमधून काढा, विजेचा धक्का बऱ्याचदा त्या केबलनंच घरात येते. आयआयटीएम पुण्याचं दामिनी ॲप मोबाईलमधी ठेवा, जवळपास वीज पडायचा इशारा देते. आणि घरातले बल्ब अचानक डोळे दिपतील असे पेटले नाहीतर एक खोली लखलख आणि दुसरी मंद झाली, तं डीपीवरचं न्यूट्रल तुटलं समजा, २३० च्या जागी तीनशे-चारशे व्होल्ट येऊ शकतात. मेन स्विच बंद करा आणि १९१२ वर तक्रार द्या. साधा स्टॅबिलायझर यात वाचवत नाही, हाय कट असलेला (व्होल्टेज फार वाढलं का लाईन तोडणारा) असेल तरच थोडाफार. लो व्होल्टेजसाठी मात्र तुमच्या सेटला २०० व्हीएचा छोटा स्टॅबिलायझर पुरते, पण आधी कॅपॅसिटर बदलून पाहा, कदाचित त्याची गरजच नाही पडणार.

तर आता तुम्ही एवढं करा. संध्याकाळचं व्होल्टेज, पिना काढल्यावर गूं राहते का जाते, आणि मोठ्या कॅपॅसिटरवर काय लिहून आहे ते मला सांगा. आतला एक फोटो काढला तं आणखी बरं, पण प्लग काढून.